न धुतलेली चादर : बाबांचं घर हलवण्याचं एक प्रकरण

मी पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवायचा तर तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहावं लागतं. ती सवय घरीही लागली. मे २०२४ मध्ये आम्ही नागपूरला जाऊन बाबांचं घर हलवलं, तेव्हाचे कागद अजून फायलीत आहेत. चार पानं कुत्र्यांची आणि सहा पानं बाबांच्या सामानाची. त्या सहा पानांत डबे, भांडी, कपाटं, गॅसचं पुस्तक, पेन्शनची कागदपत्रं, सगळं आहे. बाबा नाहीत.

बाबा तेव्हा ७८ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. महाल भागातलं आमचं घर जुनं, दुमजली. झोपायची खोली वर, संडास खाली अंगणात, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला. फेब्रुवारीत बाबा शेवटच्या तीन पायऱ्यांवरून घसरले. हाड वाचलं, पण ताईचा धीर सुटला. ताई नागपुरातच, मनीष नगरला राहते. तिच्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट रिकामा होता, तो घेतला. महालातल्या घराचा सौदा झाला आणि ताबा ३१ मेपर्यंत द्यायचा ठरला. नव्या घरात शिरायचा मुहूर्त बाबांनीच धरला : अकिती. म्हणजे अक्षय तृतीया, शुक्रवार, १० मे.

नागपूरचा मे महिना कसा असतो ते नागपूरकराला सांगायला नको आणि इतरांना सांगून खरं वाटत नाही. त्यात पुण्यात लोकसभेचं मतदान सोमवारी १३ तारखेला, म्हणजे त्याआधी परत यायला हवं. (नागपूरचं १९ एप्रिललाच आटोपलं होतं, बाबांनी बोटावरची शाई व्हिडिओ कॉलवर दाखवून झाली होती.) बुधवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत. पाच दिवस. सामान आणायचं होतं आणि तिथे रोज महाल ते मनीष नगर फेऱ्या होणार होत्या, त्यामुळे रेल्वे बाद, गाडीच न्यायची. एवढ्या अंतराला दोन चालक हवेत, म्हणून नवराही येणार. मग घरी कोण?

घरी भैरू आणि चिंगी. भैरू बारा वर्षांचा, लॅब्रॅडॉरचं रक्त असलेला, २८ किलो. त्याला चार वर्षांपासून फिट्स येतात आणि फिनोबार्बिटोनची गोळी सकाळी सातला, संध्याकाळी सातला सुरू आहे. ही गोळी मधेच बंद पडली तर फिट उलटून येऊ शकते, आणि गोळीमुळे भूक, तहान, लघवी तिन्ही वाढतात. त्यामुळे त्याला दिवसातून चारदा खाली न्यावं लागतं. चिंगी तीन वर्षांची, गावठी. दीड वर्षापूर्वी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी सापडली. अनोळखी माणूस आला की जेवणाच्या मेजाखाली जाते, आणि आवाज झाला की जागा मिळेल तिथे.

दोघांना बरोबर न्यायचा विचार चार दिवस केला. गाडीत बारा तास, बाहेर ४४ अंश, आणि पोचल्यावर महालातल्या घरात हमाल, दोऱ्या, उघडी दारं. कुत्र्याला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि म्हातारं, जाड कुत्रं त्यातही कमी पडतं. पेट्रोल पंपावर पाच मिनिटं बंद गाडीत ठेवायचीही सोय नाही. तो विचार सोडला. बोर्डिंगची जागा पाहून आलो. स्वच्छ होती, लसींची कार्डं मागितली, दर दिवसाला कुत्र्यामागे ८०० रुपये. पण रात्री आठ ते सकाळी सहा तिथे कुणी माणूस नसतो हे कळलं आणि भैरूसाठी तेवढंच पुरे झालं. चिंगीनं पिंजऱ्यात अन्नाला तोंडही लावलं नसतं.

शेवटी कुत्र्यांपाशी घरी राहायला एक मुलगा मिळाला तो आमच्या मावशींच्या ओळखीतून. लातूरकडचा, एमपीएससीचा अभ्यास करणारा, सदाशिव पेठेत एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. गावाकडे घरी कुत्री आहेत म्हणाला. पैशांपेक्षा पाच दिवस शांत घर आणि टेबल मिळतंय याचाच त्याला आनंद. मला तो आवडला, कारण पहिल्या भेटीत त्यानं कुत्र्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. खाली बसला आणि वही उघडून वाचायला लागला. वीस मिनिटांनी भैरू त्याच्या मांडीला टेकून पडला होता.

त्याच्यासाठी लिहिलेल्या चार पानांतली थोडी इथे उतरवते, कुणाला उपयोगी पडतील.

गोळी पोळीच्या घासात, घासाला तूप लावून द्यावी. गिळली असं वाटलं तरी भैरूचा गाल चाचपून पाहावा. सातची गोळी कुठल्याही कारणानं चुकवू नये, आणि उलटी झाली तर मनानं दुसरी न देता मला किंवा डॉक्टरांना फोन करावा. फिट आली तर आधी घड्याळ बघावं. तोंडात हात, चमचा, काही घालू नये. चप्पल हुंगवू नये, कांदा फोडून नाकाशी धरू नये. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवाव्यात, दिवा मंद करावा, चिंगीला दुसऱ्या खोलीत न्यावं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर रिक्षा बोलवून थेट दवाखाना. चिंगीला बाहेर नेताना छातीचा पट्टाच बांधावा, गळ्याच्या पट्ट्यातून ती मान मागे ओढून निसटते.

आणि शेवटी एक ओळ, अधोरेखित केलेली : आमच्या पलंगावरची चादर धुवायला टाकू नये, आमच्या वासावर दोघं झोपतात.

एप्रिलमध्ये दोन रात्री सराव केला. मुलगा आमच्या घरी झोपला आणि आम्ही शेजारच्या विंगमध्ये मैत्रिणीकडे. पहिल्या रात्री सोफ्यामागे ओली, अर्धवट विरघळलेली गोळी सापडली. गालाची ओळ त्यानंतर कागदावर आली. दुसरी रात्र सुरळीत गेली. मला वाटलं, झालं, याहून जास्त कुणी काय करणार.

बुधवारी पहाटे साडेचारला निघालो. नगर रस्त्यानं संभाजीनगर, तिथून सावंगीला समृद्धी महामार्गावर चढायचं ते थेट नागपूरच्या शिवमडक्याला उतरायचं. हा रस्ता लोक समजतात तेवढा सोपा नाही. गाडीला १२० ची मुभा, दुचाकी नाही, सिग्नल नाही, वळण नाही, आणि हेच अंगावर येतं. जालन्यानंतर अर्ध्या तासात डोळे उघडे राहतात आणि माणूस झोपतो. दर दीड तासानं चालक बदलायचा असं आम्ही ठरवलं आणि पाळलं. रात्री जायचं नाही हेही ठरवलेलं होतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली, त्या जागेच्या आसपास कुणीच बोललं नाही. तेव्हा मधल्या पट्ट्यात पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहं मोजकीच होती. टाकी संभाजीनगरलाच भरलेली बरी. टायरमध्ये हवा पहाटे, टायर थंड असताना तपासून घेतली होती. टोल किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे पडला. अडीचच्या सुमारास शिवमडक्याला उतरलो आणि काच खाली केली, तर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं.

बाबा ओट्यावर वाट बघत होते. "एवढ्या उन्हात काहून आल्या? रात्री यायचं ना."

गुरुवार सगळा बांधाबांधीत गेला. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलाचा फोन आला.

"ताई, चिंगी बाहेर पळाली."

पुण्यात वळीव आला होता. ढग गडगडले आणि वीज गेली. इतर मजल्यांवर दिवे आहेत का बघायला त्यानं दार वीतभर उघडलं, तेवढ्यात चिंगी त्याच्या पायांतून गेली. अंगावर गळ्याचा पट्टा, तोही घरातला, ढिला. हॉलमध्ये आम्ही कॅमेरा लावून ठेवला होता, पण वीज गेल्यावर वायफायही गेलं, आणि मी नागपुरात खोक्यांच्या मधोमध बसून काळ्या पडद्याकडे बघत होते.

कागदावर फटाके होते. दिवाळी, लग्नाची वरात, क्रिकेटचा सामना, सगळं लिहिलं होतं. वळवाचा शब्दही नव्हता. आदल्या मे महिन्यात गडगडलं तेव्हा ती आमच्या दोघांच्या मधे येऊन झोपली होती, म्हणून ती गडगडाटाला इतकी भिते हे आम्हाला दिसलंच नव्हतं. आणि सरावाच्या दोन्ही रात्री आभाळ निरभ्र.

मी विचारलं, "भैरूची गोळी?"

"ती दिली आधी. गाल बघितला. मग दार लावून खाली आलो."

हे मी आजही वॉर्डातल्या नव्या मुलींना सांगते. कुत्रं पळालंय, अंधार आहे, हात कापताहेत, आणि तरी त्यानं सातची गोळी सातला दिली. मी असते तर आधी जिन्यानं धावले असते.

मग फोनवर ठरवलं. तिला हाका मारायच्या नाहीत, मागे धावायचं नाही, चौकीदारांनी बॅटऱ्या घेऊन शोधायचं नाही. गेट मात्र बंद ठेवायचं. ती खालीच असणार, भ्यालेलं कुत्रं कोपरा धरतं. दहाला वीज आली, लिफ्ट सुरू झाली. मुलगा आमची ती चादर घेऊन पार्किंगमध्ये फरशीवर बसला. अकराच्या सुमारास ती दिसली, कव्हर घातलेल्या एका जुन्या मारुतीखाली, मागच्या चाकाला चिकटून. येईना. तेव्हा आम्ही भैरूला खाली आणायला सांगितलं. भैरू आला, निवांतपणे खांबापाशी पाय वर केला, मारुतीखाली नाक घालून एकदा फुसफुसला आणि लिफ्टकडे चालायला लागला. चिंगी त्याच्या शेपटीला नाक लावून मागे. अकरा चाळीसला फोटो आला : दोघं चादरीवर.

बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण जुन्या घरात भिंतींनाही कान. सकाळी चहा देताना म्हणाले, "सापडली ना ती? हां मग."

शुक्रवारी सकाळी महालात अकितीचा स्वयंपाक झाला. पुरण, आमरस, कुरडई. पितरांच्या नावानं घागर भरतात तशी बाबांनी आईच्या नावानं नवी घागर भरली, पाण्यात वाळा टाकला आणि देवघराच्या कोपऱ्यात ठेवली. मग हमाल आले. ट्रक गल्लीत शिरेना, बडकस चौकाच्या बाजूला उभा राहिला आणि सामान माणसांच्या डोक्यावरून गेलं. संध्याकाळी नव्या घरात दूध उतू घातलं, ताईनं उंबऱ्यावर कुंकू लावलं. आम्ही दोघी बहिणींनी ते घर नटवलं होतं. नवी गादी, नवे पडदे, नवी पांघरुणं. पलंग भिंतीला लावलेला, म्हणजे पडायची भीती नको. एसी. जुना कूलर भंगारवाल्याला द्यायचा म्हणून महालातच ठेवला होता.

शनिवारी पहाटे पाचला ताई दूध घ्यायला खाली आली तर फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं. मी आणि नवरा आतल्या खोलीत, आम्हाला पत्ता नाही. चौकीदार म्हणाला, बाबूजी तर साडेचारलाच फिरायला गेले. चप्पल नव्हती, काठी कोपऱ्यातच, मोबाइल उशापाशी.

माझ्या डोक्यात वॉर्डातलं सगळं भरभर आलं. म्हातारा पेशंट नव्या खोलीत, पहिली रात्र, उठून चालायला लागतो, आपण कुठे आहोत हे त्याला उमजत नाही. हे मी वर्षानुवर्षं बघते. अशा पेशंटच्या नातेवाइकांना मीच सांगते की घरचं पांघरूण आणा, घरचं घड्याळ आणा, त्यांचा चष्मा हाताशी ठेवा. पलंगाकडे नजर गेली. महालात बाबा डाव्या बाजूनं उतरतात, पन्नास वर्षं. इथे डावीकडे भिंत. नव्या उशीवर डोक्याचा खळगा होता, आणि भिंतीवर कोपराच्या उंचीला पुसट ओरखडा.

बाबा महालात सापडले. ओट्यावर बसून शेजारच्या काकांबरोबर चहा पीत होते. वर्धा रोडला ऑटो मिळाला म्हणाले.

"बाबा, कुठे गेला होतात? न सांगता?"

"कुठी गेलो म्हणून काय विचारतं? घागर इथंच राहिली ना. तुम्ही दोघी डबे मोजून राहिल्या होत्या."

खरंच राहिली होती. सहा पानांच्या यादीत घागर नव्हती, कारण यादी एप्रिलमध्ये केलेली आणि घागर शुक्रवारची. म्हणजे माणूस भरकटलेला नव्हता, त्याला काम होतं. हे मी अजूनही पूर्ण मानत नाही. घागर आणायला कुणी अंधारात चप्पल न बघता, काठी सोडून जात नाही. चप्पल तर घातली होती, पण दोन वेगवेगळ्या जोडांची. मग मी हळूच विचारलं, झोप लागली का तिकडे. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कूलरचा आवाज नाही ना तिथं. कान वाजतात."

गाडीत ताई रडली. मी म्हणाले, चिंगीला आपण दोन रात्री सरावाच्या दिल्या, न धुतलेली चादर दिली, आणि बाबांना एकही नाही. ती चिडली. "बाबांची तुलना कुत्र्याशी करू नकोस." तिचं बरोबर आहे. पण कुत्र्यांच्या वेळी मी स्वतःला विचारलं होतं की यांना कशाशिवाय झोप येणार नाही. बाबांच्या वेळी विचारलं, त्यांना काय काय नवं लागेल.

ताबा ३१ तारखेला द्यायचा होता, म्हणजे हातात वीस दिवस होते. शनिवारी दुपारी छोटा हत्ती बोलावला आणि बाबांचा जुना पलंग, जुनी गादी महालात परत नेली. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, पत्ता उलटा तर नाही सांगितला? कूलर भंगारातून वाचला. रात्री भाचा आजोबांपाशी महालात झोपायला लागला, खालच्या खोलीत, म्हणजे जिना नको. दिवसा ताई बाबांना जेवायला फ्लॅटवर आणायची. आठवडाभर नुसतं जेवण आणि पेपर. मग दुपारची झोप. त्याआधी नवा पलंग भिंतीपासून ओढून डावी बाजू मोकळी केली, न्हाणीपर्यंत छोटा दिवा रात्रभर चालू ठेवायचं ठरलं, आणि खिडकीत कूलर बसवला. सोसायटीतल्या एकानं कूलरच्या पाण्याबद्दल तक्रार केली, ती ताईनं निस्तरली. आईनं शिवलेली गोधडी मात्र धुवायची नाही, असं मी फोनवरून तीनदा बजावलं.

आम्ही रविवारी निघालो. गाडीत आईचं शिलाई मशीन, पितळी डबे आणि बाबांनी नातीसाठी दिलेलं पाकीट. आचारसंहितेत ५० हजारांवर रोकड कागदांशिवाय नेता येत नाही, म्हणून ते मोजून घेतलं होतं. नगरच्या अलीकडे भरारी पथकानं डिकी उघडायला लावली. मशीनचं झाकण उघडून बघितलं, त्यात सुया आणि मातीचा गणपती निघाला. रात्री साडेनऊला घरी. भैरूनं उठायचे कष्ट घेतले नाहीत, पडल्या पडल्या शेपूट आपटली. चिंगीनं मेजाखालून बाहेर येऊन आधी माझ्या पावलांचा वास घेतला, बराच वेळ, नागपूरचा सगळा. मुलानं जाताना माझ्या कागदाच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं : ढग आले की मेन दाराला कडी, चिंगीला छातीचा पट्टा घरातही.

बाबांनी फ्लॅटवर पहिली अख्खी रात्र २४ तारखेला काढली. मधे एकदा उठले, डाव्या बाजूनं उतरले, परत येऊन झोपले, असं भाच्यानं कळवलं. २९ ला महालाला कुलूप लागलं आणि घागर बाबांच्या मांडीवरून मनीष नगरला आली, रिकामी करून नाही, पाण्यासकट.

जूनमध्ये फोन केला तर मागे घरघर ऐकू येत होती.

"बाबा, एसी लावत नाही का?"

"लावतो ना. पाहुणे आले का लावतो."